ओळखीची दोन माणसं

बेल वाजली की मी आधी मिक्सर बंद करायचे. घरात कुणी नाही असं समजून माणसानं निघून जावं, एवढीच अपेक्षा. नवी मुंबईत, उलव्याच्या त्या चौदाव्या मजल्यावर माझ्याकडे यायचं कुणाला कारणच नव्हतं. आलाच तर मजला चुकलेला पार्सलवाला. त्या रविवारी सकाळी मात्र बेल वाजली, थांबली, परत वाजली आणि मग दारावर थाप पडली. बेल असताना दार ठोठावणारा माणूस गावाकडचाच असणार, म्हणून मी उघडलं.

समोर पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेला, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी.

"प्रणिता इंगोले इथंच राहतात?"

"मीच. बोला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं घरात बघितलं. "मी मल्लिनाथ बिराजदार. उमरग्याहून आलोय. शिवलीलाचा बाप."

मग लक्षात आलं. हे सगळं घडून आता बारा वर्षं झाली, पण शिवलीलाचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी जिथं शिकले त्या संस्थेच्या माहितीपत्रकात माझा फोटो होता. खाली छापलं होतं, 'पब्लिक पॉलिसीच्या पदवीनं माझ्या आयुष्याला दिशा दिली. प्रणिता इंगोले, वाशिम.' तो फोटो बघून या मुलीनं कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि महिन्याभरात तीनदा फोन केला. तिला त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. प्रश्न असे नेमके विचारायची की मला उठून बसावं लागायचं. तिच्या गावच्या मुली सातवीनंतर शाळा का सोडतात, हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं. शाळा सुटायच्या वीस मिनिटं आधी शेवटची एसटी निघून जायची, एवढंच कारण. पोरीनं आगारात अर्जांवर अर्ज देऊन गाडीची वेळ बदलून घेतली होती. 'ताई, यालाच पॉलिसी म्हणतात ना?' तिनं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, 'अगं, यालाच म्हणतात. बाकी सगळा कागद.'

तिसऱ्या फोनला ती म्हणाली, 'पप्पांना तुमच्याशी बोलायचंय.' मी म्हटलं, 'या ना कधी मुंबईला आलात की घरी,' आणि तिनं मागितला म्हणून पत्ताही पाठवला. आता 'या ना घरी' हे आपल्याकडे कोण मनावर घेतं? बोलायची पद्धत असते. बिराजदारांनी घेतलं. तेही न कळवता.

"फोन करायचा ना, काका," मी म्हटलं.

"कळवून जायची आमच्या धंद्यात रीत न्हाई, मॅडम." ते आत आले. घरात खुर्ची एकच, तिच्यावर माझे धुतलेले कपडे. मी ते उचलायच्या आत बिराजदार भिंतीला टेकून खाली बसलेसुद्धा. "मी पतसंस्थेत वसुली अधिकारी. कर्ज द्यायच्या आधीची चौकशी बी माझ्याकडंच. कळवून गेलं की माणूस शेजाऱ्याचा टीव्ही आणून घरात मांडतो."

"मग मी कर्जदार आहे का?"

"तुम्ही न्हाई. मी हाय. पोरीच्या फीचा पहिला हप्ता उद्या भरायचाय. दोन वर्षांची फी, हॉस्टेल धरून अकरा लाख होतात. माझ्याकडं एक ठेव हाय, ती मोडायची. न्हाईतर आमच्याच पतसंस्थेत पोरीला क्लार्कची जागा हाय, चेअरमननी शब्द दिलाय. म्हणून म्हटलं, आधी जाऊन बघावं."

मी पाणी दिलं. चहा टाकला. माझा स्वभाव तिरसट, पाहुणा आला की कपाळावर आठी आधी येते. पण खरं सांगते, त्या दिवशी दोन कप चहा टाकताना मला बरं वाटलं. कपही दोन नव्हते; मी माझा चहा स्टीलच्या वाटीत घेतला.

"काम काय करता नेमकं?"

"एका सरकारी विभागात सल्लागार आहे. योजना कशी असावी, खर्च किती, फायदा कुणाला, यावर टिपण लिहिते. त्यावरून निर्णय होतो."

"सही कुणाची असते?"

"साहेबांची."

"तुमचं नाव?"

"नसतं."

त्यांनी मान हलवली. "पगार?"

"बरा आहे. पुढं वाढत जातो."

"किती?"

"साठ-सत्तरच्या घरात धरा."

होता बावन्न. तोही एका कंपनीमार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर. आणि करार संपून दोन महिने झाले होते. नवा करार 'प्रक्रियेत' होता. मी रोज ऑफिसला जात होते, टिपणं लिहीत होते, आणि पगार शून्य होता. भाडं आणि शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता साठवणीतून जात होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला तसं कुणी नव्हतंही.

बिराजदारांनी कप खाली ठेवला. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. एका पोरामागं तुम्हाला संस्थेकडून किती सुटतं?"

"काय?"

"कमिशन. आमच्याकडं मागं एक एजंट आला होता. पुण्यात ऑफिस, फोटो छापलेलं पत्रक, सगळं असंच. दहा पोरांची फी घेऊन गेला."

मी ताडकन उभी राहिले. "मी एजंट वाटते तुम्हाला?"

"पत्ता होता माझ्याकडं, तरी रीत म्हणून खाली वॉचमनला विचारलं, इंगोले मॅडम कुठल्या मजल्यावर. तो म्हणला, असं कुणी न्हाई. लिफ्टमधल्या बाईंना विचारलं, त्यांना ठाऊक न्हाई. दारावर पाटी न्हाई. घरात खुर्ची एक, ताट एक, भिंतीवर कॅलेंडरसुद्धा न्हाई. असलं घर मी दोनदा बघितलंय. दोन्ही वेळेला बोगस कर्जदार निघाला. दाखवायपुरती खोली भाड्यानं घेतलेली."

"अहो, मी तीन वर्षं राहतेय इथं."

"असाल. मला कसं कळावं?"

मी आत गेले. आधार कार्ड आणलं, त्यावर वाशिमचा पत्ता. भाडेकरार आणला, पदवीचं प्रमाणपत्र आणलं, ऑफिसचं ओळखपत्र आणलं. त्यावरची मुदत संपलेली होती, म्हणून ते परत आत ठेवलं. बिराजदारांनी कशालाच हात लावला नाही.

"कागद कुणीबी करतं, मॅडम. बुडालेल्या कर्जांचे कागद सगळ्यांत चांगले असतात. आमच्याकडं एकच रीत हाय. ओळखीची दोन माणसं दाखवायची. ही बाई इथं राहती, अशी हाय, एवढं दोघांनी म्हणायचं. बस."

मला हसू आलं. एवढंच ना, म्हटलं. चला.

समोरच्या दारावर 'कुलथे' अशी पाटी होती. मला त्यांचं आडनाव पाटीवरूनच माहीत. दार एका बाईंनी उघडलं, चाळिशीच्या असतील, हाताला कणीक लागलेली. आतून फोडणीचा आणि कुणाच्या तरी भांडणाचा आवाज येत होता.

"नमस्कार," मी म्हटलं. "हे पाहुणे आलेत गावाकडून. त्यांना जरा सांगता का, मी इथं समोर राहते ते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या दाराकडे बघितलं. "समोर? समोरचा तर रिकामाच आहे ना?"

"नाही हो. मी असते तिथं."

"हो का? आवाज कधी येत नाही, म्हणून वाटलं बंद आहे." मग त्या मनापासून हसल्या. बाई चांगल्या होत्या, त्यांची काही चूक नाही. "नव्या आलात का? छान झालं. या ना कधी घरी."

बिराजदार माझ्या मागं उभे होते. बोलले असते तर बरं झालं असतं. जिन्याशेजारच्या तिसऱ्या दाराला कुलूप होतं, आणि चौथ्या दारात कोण राहतं हे मलाच माहीत नव्हतं. वरच्या-खालच्या मजल्यावर जाऊन मी काय विचारणार होते, बाई गं, मला ओळखतेस का म्हणून? सकाळी सातला मी निघायचे, रात्री यायचे. लिफ्टमध्ये कुणी असलं की मोबाईलमध्ये बघायचे. बोलायला गेलं की लोक विचारतात, काय करता, घरी कोण कोण, लग्न झालं का. पहिल्याचं उत्तर समजावून सांगायला वेळ लागतो आणि बाकीच्यांचं उत्तर द्यायचं नसतं. त्यापेक्षा नकोच, असं करत करत तीन वर्षं गेली होती. हे असं मोजायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

घरात आलो. बिराजदार पिशवी उचलायला लागले.

"थांबा," मी म्हटलं. "माझ्या बाबांना फोन लावते. वाशिमला. बाप तर खोटं नाही ना सांगणार?"

"बाप म्हणल्यावर एक माणूस धरतो," ते म्हणाले आणि परत बसले.

मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"बाबा, हे एक ओळखीचे आहेत. त्यांना माझ्याबद्दल सांगा जरा."

"हाव, बोला ना साहेब," बाबा म्हणाले. मागं बकरीचं ओरडणं आणि आईनं हापशावर बादली आपटल्याचा आवाज.

"प्रणिता तुमची कोण लागते?"

"पोरगी हाय ना माही! मंत्रालयात अधिकारी हाय थे. लाखाच्या वर पगार हाय तिले. घ्याले-सोडाले सरकारी गाडी येते. इकडच्या जिल्हा परिषदेची नोकरी सोडली तवा लोक हासत होते आमाले. आता कोनी हासत नाही." बाबा जरा थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी कुठचे म्हनाले? पोरीले पाहाले आले का?"

"न्हाई, न्हाई," बिराजदार म्हणाले. "सहज. कामातली ओळख हाय. तब्येतीला जपा." त्यांनी स्वतःच फोन बंद केला.

लाखाचा पगार मी सांगितला होता. गाडी बाबांनी आपल्या मनानं लावली होती.

बिराजदारांनी खिडकीतून खाली बघितलं. "गाडी कुठं लावता?"

मी हसायला गेले आणि रडू फुटलं. परक्या माणसासमोर, तेही मला बोगस समजणाऱ्या. पण एकदा फुटल्यावर मग मी सगळंच सांगून टाकलं. बावन्न हजार, अकरा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचा शून्य. ही पदवी घ्यायच्या आधी जिल्हा परिषदेत मी कनिष्ठ सहायक होते, कायम. ती नोकरी राहिली असती तर आज माझ्यावर कर्ज नसतं, वाशिमला घर झालं असतं, आणि हातात जवळपास एवढाच पगार आला असता. मी हा हिशोब किती वेळा मांडला होता! कसाही मांडला तरी पदवी तोट्यातच यायची.

"मग माघारी का न्हाई गेलात?"

"गेले असते तर बाबांना लोक परत हसले असते." मी नाक पुसलं. "आणि काम आवडतं हो मला. गेल्या वर्षी वसतिगृहाच्या नियमात मी एक ओळ घातली. दहावीला नापास झालेल्या मुलीला लगेच काढायचं नाही, पुढच्या परीक्षेपर्यंत राहू द्यायचं. एवढीच ओळ. साहेबांनी काढली नाही, वरच्यांनी काढली नाही, तशीच निघाली. किती मुली राहिल्या ते मला कधीच कळणार नाही. पण त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला की..."

"की?"

"की कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

"मग? कुणाला सांगितलं?"

मी त्यांचा कप आणि माझी वाटी उचलून बेसिनमध्ये ठेवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग बिराजदार म्हणाले, "आता पटलं. बोगस माणूस स्वतःचा तोटा सांगत न्हाई." प्रथमच त्यांनी मला ताई म्हटलं. "ताई, माफ करा. मी नको ते बोललो."

मला खूप हलकं वाटलं. आणि ताबडतोब शिवलीला आठवली. हे मी काय करून बसले! मी घाईघाईनं म्हटलं, "काका, पैशाचं माझ्यावरून ठरवू नका. माझ्या वर्गातल्या काहींना दुप्पट पगार आहे. आणि शिवलीला माझ्यापेक्षा हुशार आहे. तिनं एसटीची वेळ बदलून घेतली. मला त्या वयात एसटीची वेळ विचारायचीसुद्धा भीती वाटायची."

"पगाराला मी भीत न्हाई, ताई. ती मला आधीच म्हणली होती, पप्पा, पगार फार नसतो. मी म्हणलं, नसू दे. ठेव मी तिच्यासाठीच ठेवली होती. तिची आई गेल्यावर माझं दुसरं हाय कोण? तीस हजार मिळाले असते तरी भरली असती मी फी." ते थांबले, आणि बंद दाराकडे हात करून म्हणाले, "पण हे मला ठाऊक नव्हतं."

"काय?"

"समोरची बाई म्हणाली, घर रिकामं हाय. उद्या माझी पोर तापानं फणफणली तर दार कोण वाजवणार? आमच्या गल्लीत तिला नुसता कॉलेजवरून यायला उशीर झाला तर चार घरं विचारतात. अकरा लाख भरायचे, आणि तिला कुणीच ओळखत न्हाई अशी करून घ्यायची? असलं कर्ज मी दुसऱ्याच्या पोरीला बी देणार न्हाई."

"ती माझ्यासारखी नाही हो. ती बोलकी आहे. आल्या आल्या सगळ्यांशी ओळख करून घेईल."

बिराजदारांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तेच जड गेलं. "तुम्ही बी वाशिमला बोलक्याच असाल की."

होते. जिल्हा परिषदेच्या कँटीनमध्ये मी बोलायला लागले की चहावाला किटली घेऊन उभा राहायचा. शिपायापासून सभापतीपर्यंत सगळे 'इंगोलेबाई' म्हणून हाक मारायचे. मी म्हटलं, "होते."

मग मी भांडले. एवढी माझ्या आईबापाशी कधी भांडले नाही. म्हटलं, मुंबईत राहिली तर माझ्याकडे राहू दे. म्हटलं, मी तिला रोज फोन करीन. म्हटलं, एका दारावरून तुम्ही पोरीचं आयुष्य ठरवता हा कुठला न्याय. ते सगळं ऐकत राहिले. वसुलीचा माणूस, ऐकून घ्यायची सवय होती त्यांना. शेवटी म्हणाले, "तुम्ही तिचं भलंच बघताय, कळतंय मला. पण मी बाप हाय, मला जे दिसलं ते न दिसल्यासारखं कसं करू?"

त्यांनी मुलीला फोन लावला. घरी ते कानडी बोलत असावेत, मला एक शब्द कळला नाही. त्यांचा आवाज मऊ होता. पलीकडून सुरुवातीला भराभर बोलणं ऐकू येत होतं, मग तुटक, मग काहीच नाही. बिराजदार दोनदा "लीला" म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी फोन माझ्यापुढे केला. "तुमच्याशी बोलायचं म्हणती."

मी फोन कानाला लावला. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. पुढच्या वर्षी परत अर्ज कर, शिष्यवृत्ती बघ, मी तुझ्या पप्पांशी पुन्हा बोलते.

"ताई," शिवलीला म्हणाली. रडत नव्हती. नेहमीसारखाच नेमका आवाज. "पगाराचं मला माहीत होतं. करारावर ठेवतात तेही माहीत होतं. मी पप्पांना सगळं सांगून तयार केलं होतं. त्यांनी ठेव मोडायचा फॉर्मसुद्धा भरून ठेवला होता. फक्त एकदा तुम्हाला भेटून येतो म्हणाले."

"हो गं."

"मला एक सांगाल का?"

"विचार ना."

ती थोडा वेळ थांबली. माझ्याशी बोलताना ती कधीच थांबायची नाही.

"एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये, ताई, दोन माणसं नव्हती?"

"नाही," मी म्हटलं.

तिनं फोन ठेवला नाही आणि मलाही ठेवता येईना. बिराजदार दारात उभे राहून चपला घालत होते. एक चप्पल घालून झाल्यावर ते तसेच परत आत आले आणि माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला.